हे वाक्य कोठून आले? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात विद्यार्थ्यांना माग काढायला शिकवण्याविषयी

परळची_वाट

मी मध्य मुंबईतील एका पदवी महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते. यंदा ‘मुंबईतील सेवाव्यवसाय’ या विषयावर दहा पानांचा प्रकल्प दिला होता. डबेवाल्यांवर लिहिणारे विद्यार्थी बरेच निघाले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या प्रकल्पात एक वाक्य थोड्याफार फरकाने होतेच: साठ लाख डब्यांमागे डबेवाल्यांकडून एकच चूक होते आणि त्यासाठी फोर्ब्स मासिकाने त्यांना ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र दिले आहे. कोणी साठ लाखांच्या जागी ऐंशी लाख लिहिले होते, कोणी एक कोटी साठ लाख. हा आकडा कोठून घेतला, असे मी वर्गात विचारले. काहींनी मोकळेपणाने चॅटजीपीटीचे नाव सांगितले, काहींनी ‘गुगलवर आहे’ म्हटले आणि एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.”

मग आम्ही दोन तास त्या आकड्याचा माग काढण्यात घालवले. मूळ १९९८ सालच्या फोर्ब्समधील एका लेखात निघाले. लेखकाने डबेवाल्यांच्या संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना चुका किती होतात असे विचारले होते. चूक जवळजवळ होतच नाही, फार तर दोन महिन्यांतून एखादी, असे त्यांनी तोंडी सांगितले आणि त्यावरून लेखकाने हिशेब मांडून ऐंशी लाखांत एक असे लिहिले. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द आपण वापरलाच नव्हता आणि मासिकाने असे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही, हे त्या लेखकानेच पुढे स्पष्ट केले आहे. सिक्स सिग्मा ही मोटोरोला कंपनीत १९८६च्या सुमारास आकाराला आलेली गुणवत्तेची पद्धत आहे आणि तिच्यात दहा लाख संधींमागे ३.४ दोष असे मोजमाप असते. मासिकाचे काम बातम्या आणि लेख छापण्याचे आहे, प्रमाणपत्रे वाटण्याचे नाही, एवढा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आधी आला नव्हता. ‘आमच्यापैकी’ असे जाणूनबुजून लिहिते आहे, कारण मी स्वतः हे वाक्य अनेक वर्षे वर्गात सांगत आले आहे.

डबेवाल्यांचे कौशल्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे मामा या व्यवसायात आहेत. त्याने दुसऱ्या दिवशी एक जुना डबा आणला आणि झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे व आकडे एकेक करून वर्गाला समजावून सांगितले: डबा कोणत्या उपनगरातून निघाला, तो कोणत्या भागात उतरवायचा, तेथे कोणाच्या हाती द्यायचा, कोणती इमारत आणि कितवा मजला. रंगाचे पोपडे उडालेल्या त्या झाकणाभोवती सगळा वर्ग जमला होता. त्याच्या स्वतःच्या प्रकल्पात मात्र यातला एक शब्दही नव्हता. तेथे यंत्राने लिहून दिलेली दहा गुळगुळीत पाने होती. “मामांचे सांगणे प्रकल्पात चालते हे मला माहीतच नव्हते,” असे तो म्हणाला. हे वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण त्यावाचून माझे म्हणणे अर्धवट राहील. गेल्या वर्षी एका प्रकल्पाला एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने बहुतांशी यंत्रलिखित ठरवले आणि मी त्या विद्यार्थिनीला सर्वांसमोर जाब विचारला. ती मराठी माध्यमातून आलेली असून तिचे इंग्रजी आखीव आणि छोट्या वाक्यांचे आहे. तिने दुसऱ्या दिवशी हस्तलिखित कच्चा मसुदा आणून दाखवला. खाडाखोड, समासातील मराठी शब्द, घरच्या हिशेबाच्या वहीची उलटी पाने. सगळे तिचेच होते. मी तिची वर्गातच क्षमा मागितली, परंतु मधल्या रात्री तिच्यावर काय गुजरले असेल ते मला भरून देता येणार नाही.

चोर पकडण्याच्या मागे लागून आपण शिकवायचे काम सोडून देत आहोत, असे माझे मत झाले आहे. माहिती कोठून आली याचा माग काढता येणे आणि तो माग वाचकाला उघड करून दाखवणे ही दोन कामे जमली, तर प्रामाणिकपणा वेगळा शिकवावा लागणार नाही. येथील शिक्षक, ग्रंथपाल, विद्यार्थी आणि पालकांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

संदर्भ_दालन

ताई, आपण केलेल्या प्रयोगाला आम्हा ग्रंथपालांच्या क्षेत्रात ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. ही संज्ञा १९७४ सालापासून वापरात आहे, पण आपल्या महाविद्यालयांत ती बहुधा जूनमधल्या ग्रंथालय-परिचयाच्या एका तासापुरती उरते: ओळखपत्र कसे काढायचे, पुस्तक किती दिवस ठेवायचे आणि उशीर झाल्यास दंड किती.

गेली दोन वर्षे मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. एआयकडून कोणत्याही विषयावर संदर्भांची यादी मागवायची, ती छापून आणायची आणि ग्रंथालयात बसून प्रत्येक संदर्भ हाताने शोधायचा. खोटा संदर्भ कसा बनलेला असतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विद्यार्थी ते विसरत नाही. लेखकाचे नाव खरे असते आणि तो त्याच विषयात काम करणारा असतो. नियतकालिक खरे असते. वर्षही पटण्याजोगे असते. त्या अंकाच्या त्या पानांवर मात्र निराळाच लेख असतो, किंवा तेवढी पानेच त्या अंकात नसतात. असे होण्याचे कारणही मी सांगतो. हे यंत्र एका शब्दानंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे ते ठरवत पुढे जाते. संदर्भ दिसतो कसा, हे त्याने लाखो संदर्भांवरून शिकलेले असते, त्यामुळे दिसायला अचूक संदर्भ ते रचते. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन दुवे देतात आणि त्यामुळे खोटे संदर्भ कमी झाले आहेत, हे मान्य करायला हवे. पण दुवा खरा असला तरी त्या पानावर तसे लिहिलेले असतेच असे नाही. दुवा उघडून ते वाक्य प्रत्यक्ष शोधणे हा माझ्या तासाचा दुसरा भाग असतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेला एक अभ्यास येथे उपयोगी पडेल. त्यांनी इतिहासाचे १० डॉक्टरेट अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. इतिहासकारांपैकी आणि विद्यार्थ्यांपैकी अनेक जण समोरचे पानच बारकाईने वाचत बसले आणि त्याच्या देखणेपणाला फसले. तपासनिसांनी ते पान लगेच बाजूला ठेवले, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहिले. म्हणजे शिकलेली माणसेसुद्धा यात चुकतात आणि हे कौशल्य सरावाने येते. एआयच्या उत्तराला तर दुसरी बाजू दिसतच नाही, कारण ते एकाच आवाजात, एकाच ठामपणाने बोलते. म्हणून त्याच्याबाहेर जाऊन पाहण्याची सवय अधिकच लावायला हवी.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा चौथा नियम आहे. हे यंत्र तोच नियम पाळते, असे एका विद्यार्थ्याने मला सांगितले. मी त्याला त्याचीच यादी दाखवली. त्या यादीतील न सापडलेले संदर्भ शोधण्यात त्याची अख्खी दुपार गेली होती.

शोधप्रबंध

मी पीएच.डी.ची मार्गदर्शक आहे, म्हणून नियमांची बाजू मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी किती साम्य चालते याची टक्केवारी ठरवून दिली आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सादर करण्यास मनाई होते आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य मोजले जात नाही.

या नियमांचा एक अनपेक्षित परिणाम मी रोज पाहते. “मॅडम, सात टक्के आले,” असे विद्यार्थी मला सांगतो, आणि ते जणू प्रामाणिकपणाचे गुण असल्यासारखे सांगतो. ही टक्केवारी उसने शब्द मोजण्यासाठी ठरवली होती. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून उसने शब्द न घेताही अख्खे प्रकरण दुसऱ्याकडून लिहून घेता येते आणि साम्य जवळजवळ शून्य येते. परंतु त्याच विनियमांतील वाङ्मयचौर्याची व्याख्या वाचून पाहा. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे, असा तिचा आशय आहे. व्याख्येत टक्क्यांचा उल्लेखही नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना आता पहिल्या भेटीत ही व्याख्या वाचायला लावते आणि टक्केवारीचा अहवाल शेवटी दाखवते.

ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी ताईंनी लिहिले ते दुर्दैवाने अपवादात्मक नाही. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२३ साली सात ओळखसाधने तपासली होती. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी दिले, तेव्हा या साधनांनी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ अचूक ओळखले. मोजका शब्दसंग्रह आणि सरळ रचना हेच यंत्राचे लक्षण मानले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने काढलेले ओळखसाधन यंत्रलिखित मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखत होते आणि ९ टक्के वेळा माणसाच्या लेखनावर ठपका ठेवत होते. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केले. मराठी, हिंदी किंवा उर्दू माध्यमातून आलेली आपली मुले याच फटक्यात सापडतात. तेव्हा अशा अहवालावर कोणाला दोषी धरू नये, असे मी विभागाच्या बैठकीत लेखी दिले आहे.

एकशेवीस_वह्या

सर्वांचे म्हणणे पटते, पण मला परिस्थिती मांडणे भाग आहे. माझ्या एका तुकडीत १२० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाची पाच मिनिटे तोंडी परीक्षा घ्यायची म्हटली तरी दहा तास होतात आणि अशा तीन तुकड्या मला आहेत. कच्चे मसुदे, माग काढण्याचे तास आणि संदर्भ पडताळणे हे वीस जणांच्या वर्गात शोभते. शिवाय सत्य हेही आहे की एआय येण्यापूर्वी आमच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प पाना-पानाच्या दराने मिळत असत. वरचे पान बदलले की काम झाले. तेव्हा आपण सर्वांनीच डोळेझाक केली. मुलांनी आज यंत्राकडून लिहून घेतले, तर त्यांना नवीन वाट सापडली असे मी म्हणणार नाही. वाट जुनीच आहे.

परळची_वाट

सर, आपला हिशेब बरोबर आहे आणि झेरॉक्सच्या दुकानाबद्दलचे म्हणणे मला लागले, कारण ते खरे आहे. तरीही मी एक सुचवते. तोंडी परीक्षा सर्वांची घेऊ नये. चिठ्ठ्या टाकून तुकडीतील वीस जण निवडावेत आणि कोण निवडले जाईल हे आधी कोणालाही कळू नये. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: “तुझ्या प्रकल्पातील हे वाक्य मी निवडले आहे. ते कोठून आले ते दाखव.” पाच मिनिटांप्रमाणे शंभर मिनिटे होतात, म्हणजे साधारण दोन तासिका. ज्याला वाक्याचा माग दाखवता येतो, त्याने एआयची मदत घेतली असली तरी माझी हरकत नाही. ज्याला दाखवता येत नाही, त्याने ते वाक्य काढून टाकावे किंवा माग शोधून पुन्हा यावे. गुण कापण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

दहा पानांचा आग्रहही मी सोडला आहे. दहा पाने मागितली की भरतीचा मजकूर येणारच. यापुढे चार पाने आणि प्रत्येक पानावर निदान एक अशी गोष्ट, जी विद्यार्थ्याने स्वतः पाहिली, ऐकली किंवा मोजली आहे.

तिसरे_वर्ष

मी विद्यार्थी आहे आणि दुसऱ्या महाविद्यालयात शिकतो. येथे शिक्षकच बोलत आहेत, म्हणून आमची बाजू लिहितो. मी बदलापूरहून येतो. सकाळची व्याख्याने झाल्यावर अंधेरीत अर्धवेळ नोकरी करतो आणि प्रकल्प बहुतेक वेळा परतीच्या लोकलमध्ये फोनवर लिहितो. एआय वापरणे बंद करा, असे कोणी सांगितले तर ते माझ्याच्याने होणार नाही. पण चोरी करायची इच्छाही नाही.

आमची खरी अडचण वेगळी आहे. एका विषयाचे सर म्हणतात, एआय अजिबात नको. दुसऱ्या मॅडम म्हणतात, वापरा, पण शहाणपणाने वापरा. तिसरे काहीच बोलत नाहीत आणि अहवालात काही आले तर शून्य देतात. माझे इंग्रजी व्याकरण सुधारून घेतले तर ते चालते का? मराठीत लिहून भाषांतर करून घेतले तर? एखादा लेख समजला नाही आणि तो सोप्या शब्दांत समजावून घेतला तर? हे कोणी लिहून देत नाही, म्हणून मुले सगळेच लपवतात. लपवायची सवय लागली की नंतर कशाचेच काही वाटेनासे होते, हे मी स्वतःत पाहिले आहे.

परळची_वाट

आपण फार मोलाचे लिहिले. माझ्या विषयापुरते उत्तर देते आणि हेच मी वर्गातही लेखी देणार आहे. व्याकरण सुधारून घेणे, भाषांतर करून घेणे आणि अवघड लेख समजावून घेणे हे तिन्ही चालेल, मात्र शेवटच्या पानावर तसे नोंदवावे लागेल. कोणते साधन वापरले, कशासाठी वापरले आणि त्याने दिलेल्या गोष्टींपैकी काय पडताळून पाहिले, एवढ्या तीन ओळी पुरेत. या नोंदीमुळे गुण कमी होणार नाहीत. विचार, उदाहरणे आणि निष्कर्ष यंत्राकडून घेणे आणि ते आपले म्हणून देणे चालणार नाही. भाषांतर करून घेणाऱ्याने मूळ मराठी मसुदा जोडावा. तो मला इंग्रजी प्रतीहून अधिक आवडेल.

फोर्टचा_वकील

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही, म्हणून माझ्या व्यवसायातील दोन गोष्टी नोंदवतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा निवाडे न्यायालयात सादर केले. त्यांतला एकही अस्तित्वात नव्हता. हे निवाडे खरे आहेत का, असे वकिलाने त्याच यंत्राला विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेले निष्कर्ष डोळे झाकून न स्वीकारता पडताळून पाहावेत, असे न्यायालयाने बजावले.

माझ्याकडे उमेदवारीला येणाऱ्या मुलांना मी पहिला आठवडा निवाड्यांच्या छापील खंडांतून उतारे शोधायला लावतो. यंत्राला यंत्राविषयी साक्ष विचारू नये, ही गोष्ट त्या खंडांत बोटे काळी झाल्यावर नीट कळते.

आठवी_ब

मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांकडे स्वतःचा फोन नसतो. वडील कामावरून आले की रात्री तासभर मिळतो. तरी एआयची उत्तरे वहीत येऊ लागली आहेत, कारण शिकवणीतील ताई ती काढून देतात. मी एवढेच केले आहे की प्रत्येक उत्तराखाली ‘हे मला कोठून कळले’ अशी एक ओळ लिहायला लावते. पुस्तक पान अमुक, आजी, टीव्हीवरची बातमी, फोन, काहीही चालते. एका मुलीने ‘गिरणी कशी चालत असे’ या उत्तराखाली ‘आजोबांचा हात’ असे लिहिले. आजोबांचे एक बोट साच्यात गेले होते आणि त्यांनी ते दाखवून सांगितले होते.

संदर्भ_दालन

आठवी_ब ताई, ही ओळ मी जपून ठेवतो आहे. परळची_वाट ताईंना एक विनंती आहे. डबेवाल्यांचा तास आपण पुढच्या वर्षी पुन्हा घ्याल, तेव्हा वर्गाला आधी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके आहेत. मराठीतील कितीतरी मजकूर अजून संगणकावर आलेलाच नाही आणि जो आला आहे त्याचे संगणकाने छापील अक्षरे ओळखताना पुष्कळदा भलतेच झालेले असते. जे इंटरनेटवर नाही ते यंत्राला माहीत असण्याची शक्यता फार थोडी, आणि नेमके तेथेच आपल्या विद्यार्थ्याला स्वतःचे काही सांगता येते.

परळची_वाट

अवश्य नेईन. जाता जाता एक विचारते. मामांचा डबा वर्गात आणणाऱ्या त्या विद्यार्थ्याने प्रकल्प नव्याने लिहून दिला आहे. त्यातले आकड्याचे वाक्य असे आहे: “१९९८ साली एका मासिकाच्या लेखात ऐंशी लाखांत एक चूक असा आकडा आला. तो संघटनेच्या अध्यक्षांच्या तोंडी अंदाजावरून काढलेला होता. माझे मामा म्हणतात की पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की डबे उशिरा पोचतात आणि ते चूक धरायचे की नाही हे मोजणाऱ्याने आधी ठरवावे.” मामांच्या या सांगण्याची नोंद संदर्भसूचीत कशी करायची?

संदर्भ_दालन

‘प्रत्यक्ष मुलाखत’ या शीर्षकाखाली स्वतंत्र नोंद करावी. मामांची लेखी किंवा निदान तोंडी परवानगी घ्यावी, त्यांना नाव नको असल्यास ‘डबेवाले, पश्चिम मार्ग’ असे लिहावे आणि ते या व्यवसायात किती वर्षे आहेत ते द्यावे. मुलाखतीचा दिनांक आणि ठिकाण हवे. त्याने बोलणे वहीत टिपले असेल तर ती पाने परिशिष्टात जोडावीत आणि झाकणाचे छायाचित्रही द्यावे. प्रकल्पाची एक प्रत आमच्या ग्रंथालयाला मिळाली, तर मी ती स्थानिक इतिहासाच्या कपाटात दाखल करून घेईन.